अनुभवाची गरज नाही

गेल्या शनिवारी गावी आलो होतो. गाव म्हणजे वरवे बुद्रुक. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकायचा आणि नसरापूरच्या चेलाडी फाट्याच्या अलीकडे डोळे उघडे ठेवायचे. नाहीतर हायवेवरून शंभरच्या स्पीडने जाताना गाव कधी येऊन गेलं कळत नाही. तर आत्याच्या स्वयंपाकघरात भाजलेले शेंगदाणे खात बसलो होतो. तेवढ्यात आतेबहिणीने विचारलं, "दादा, 36 नंबरचा दात कुठला ते सांग."

म्हटलं, "अगं, दातच बत्तीस असतात. छत्तिसावा कुठून आणू?"

ती खो खो हसली. मग तिने मला समजावलं. तोंडाचे चार भाग करायचे. पेशंटचा वरचा उजवा भाग 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4. आकड्यातला पहिला अंक भागाचा आणि दुसरा मधल्या दातापासून मागे मोजत जायचा. म्हणजे 36 म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना हेच भाग 5 ते 8. मी म्हटलं, "अरेच्चा, हा तर आमचा टू-डायमेन्शनल ॲरे! फक्त शून्यापासून सुरू होत नाही इतकंच." त्यावर ती म्हणाली, "शून्यावा दात कसा असेल रे?" बिनतोड मुद्दा. :-)

ही माझी आतेबहीण बावीस वर्षांची आहे. बारावी झालीये, बी. ए. बाहेरून चाललंय आणि गेली दोन वर्षं ती पुण्यात सातारा रोडवर एका दाताच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. रोज सकाळी फाट्यावरून एसटी पकडते. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं म्हणून हे परवडतं, नाहीतर पगारातला मोठा तुकडा प्रवासातच गेला असता. पगार 8 हजार. दवाखान्याची वेळ सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधले तीन तास डॉक्टर घरी जाऊन जेवतात, झोपतात. हिने वरव्याला येऊन परत जायचं म्हटलं तर तीन तास रस्त्यातच जातील, म्हणून ही शटर अर्धं ओढून आतच डबा खाते आणि हत्यारं धुते. (त्या तीन तासांचा पगार? छ्या!) रात्री साडेदहाला मामा मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे असतात.

हे काम तिला मिळालं कसं? एका जाहिरातीवरून. "दातांच्या दवाखान्यात कामासाठी मुलगी पाहिजे. अनुभवाची गरज नाही." अशा पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. मीही शेकडो वेळा पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलंय की चला, बरंय, गरजू मुलींना कामं मिळतात. त्या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ मला गेल्या महिन्यापर्यंत कळलाच नव्हता.

आधी माझं सांगतो म्हणजे तुलना करता येईल. इंजिनिअरिंगची चार वर्षं संपवून मी कंपनीत लागलो तेव्हा कंपनीने मला साडेतीन महिने एसी हॉलमध्ये बसवून शिकवलं. पूर्ण पगार देऊन. जे कॉलेजात शिकलो होतो तेच परत. त्यानंतर चार महिने मी नुसता दुसऱ्याच्या मागे बसून बघत होतो. प्रोडक्शनवरच्या कोडला हात लावायची परवानगी मिळाली तेव्हा सात महिने उलटून गेले होते, आणि तेव्हाही मी लिहिलेली प्रत्येक ओळ दुसरा कोणीतरी तपासायचा. हे सगळं कशासाठी? तर एका परदेशी कंपनीच्या गोदामाच्या रिपोर्टमध्ये एक कॉलम चुकू नये म्हणून. तो एकदा चुकलाही. पाच मिनिटांत जुनं व्हर्जन परत टाकलं, विषय संपला.

बहिणीचं ट्रेनिंग झालं अर्ध्या दिवसात. आधीची मुलगी लग्न ठरलं म्हणून सोडून चालली होती. तिने हिला सांगितलं, "हे सक्शन, हा लाइटचा खटका, हा ट्रे, डॉक्टर ओरडले तर उलट बोलायचं नाही." संध्याकाळी पाच वाजता पहिला पेशंट आला आणि ही त्याच्या डोक्याशी उभी होती. जिवंत माणसाच्या उघड्या तोंडापाशी, हातात सक्शनची नळी घेऊन.

आता तुम्ही म्हणाल की नळी धरायला कसलं आलंय शिक्षण! मलाही तेच वाटायचं. म्हणून त्या दिवशी तिला बोलतं केलं. दीड तास ती बोलत होती. आत्या मधेमधे "आरं, जेवा की आता" म्हणत होती आणि आम्ही हलत नव्हतो.

उजव्या हाताच्या डॉक्टरची जागा पेशंटच्या उजव्या अंगाला असते आणि असिस्टंटची डाव्या. पेशंटचं तोंड म्हणजे घड्याळ समजायचं आणि डोक्याचा शेंडा म्हणजे बारा. असिस्टंटने साधारण दोन ते चारच्या मध्ये बसायचं. हत्यार द्यायचं ते हनुवटीच्या खाली, छातीच्या वर. डोळ्यांवरून कधीच नाही. डॉक्टरची नजर दाढेवरून हलता कामा नये, नुसता हात पुढे आला की पाहिजे ती वस्तू पाहिजे त्या टोकाने हातात पडली पाहिजे. याला 'फोर हँडेड डेंटिस्ट्री' म्हणतात, चार हातांची दंतवैद्यकी. रूट कॅनालच्या बारीक कानशींना रंग असतात. 15 नंबर पांढरी, 20 पिवळी, 25 लाल, 30 निळी, 35 हिरवी, 40 काळी. शिवाय लांबी 21 की 25 मिलिमीटर, हे वेगळंच. ही पोरगी हे धडाधड सांगत होती आणि मला आमच्याकडच्या वायरिंगचे रंग आठवत होते.

मग कवळीचं माप. त्याची पावडर पाण्यात कालवायची असते. रबरी वाडग्याच्या कडेला दाबून दाबून, गुठळी राहू न देता, मिनिटभरात. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होतं. उन्हाळ्यात आणखी लवकर. "म्हणून एप्रिल-मेमध्ये मी फ्रीजचं पाणी घेते," ती म्हणाली, "गार पाण्यात कालवलं की बसायला वेळ लागतो, डॉक्टरांना सवड मिळते." हे तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. दोन मापं वाडग्यातच घट्ट झाली, दोनदा बोलणी खाल्ली, तिसऱ्या वेळी डोकं चालवलं. आमच्याकडे याला 'ऑन द जॉब लर्निंग' म्हणतात आणि अप्रेझलमध्ये त्याचे मार्क मिळतात.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हत्यारांची स्वच्छता. आधी घासून रक्त काढायचं, सुकवायचं, कागदी पाकिटात सील करायचं आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर, 15 पौंड दाबाच्या वाफेत कमीत कमी पंधरा मिनिटं. पाकिटावरची खूण रंग बदलते ती बघायची. नुसतं उकळून भागत नाही, काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. आता विचार करा. तुम्ही दाढ काढायला जाता तेव्हा डॉक्टरची भिंतीवरची डिग्री बघता. पण तुमच्या आधीच्या पेशंटचं रक्त तुमच्या तोंडात जाणार की नाही, हे ती डिग्री ठरवत नाही. ते दुपारी दोन ते पाच अर्ध्या शटरच्या आत डबा खाणारी ही मुलगी ठरवते.

आता थोडा इतिहास. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला सी. एडमंड केल्स नावाचे एक दंतवैद्य होते. पहिली डेंटल असिस्टंट नेमल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, साल 1885. त्या काळी बाईमाणसाने एकटीने डॉक्टरकडे जायची पद्धत नव्हती. दवाखान्यात एक बाई कामाला आहे म्हटल्यावर बायका बरोबर कोणाला न घेता यायला लागल्या आणि बाकीच्या दवाखान्यांनीही तशा पाट्या लावल्या. म्हणजे हा व्यवसाय सुरू झाला त्यातही पाटी आहेच! याच केल्सनी 1896 च्या सुमारास दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. किरणांचा धोका तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. पुढे त्यांच्या हाताला कॅन्सर झाला. आधी बोटं, मग हात, मग दंड, असं कापत कापत जावं लागलं आणि 1928 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. दवाखान्यातल्या माणसाने एक्स-रेची फिल्म स्वतःच्या बोटांनी पेशंटच्या तोंडात धरून उभं राहायचं नाही, हा नियम आज जगभर आहे, आणि त्याच्यामागे अशा लोकांची बोटं आहेत. बहिणीला विचारलं, लहान मुलांचा एक्स-रे काढताना सेन्सर कोण धरतं? ती म्हणाली, "मीच. पोरं हलतात ना."

मी काही बोललो नाही. कारण तोवर मला मोठी गोष्ट कळलेली होती.

झालं असं होतं. होळीच्या आदल्या आठवड्यात एका पेशंटला भूल देऊन झाली. दाताच्या भुलीची सुई लगेच टाकून देत नाहीत, परत द्यावी लागली तर लागते, म्हणून तिला टोपण लावून ठेवतात. हिने एका हातात टोपण आणि दुसऱ्या हातात सिरिंज धरून टोपण लावायला घेतलं आणि सुई डाव्या अंगठ्यात घुसली. ग्लोव्हजमधून आरपार. डॉक्टर म्हणाले, "धुवून टाक, काही होत नाही." हिने धुतलं, बँडएड लावलं आणि पुढचा पेशंट घेतला. घरी कोणालाच सांगितलं नाही. का, तर मामा काम सोडायला लावतील.

मला हे कळलं तेही सहज, जेवताना, "आमच्याकडे काय काय गमती होतात" या सदरात.

त्या रात्री मी झोपलो नाही. इंजिनिअर माणूस, वाचत बसलो. ज्याच्यावर सुई वापरली त्याला तो आजार असेल तर टोचलेल्याला होण्याचा धोका ढोबळमानाने असा आहे. एचआयव्ही हजारात तीन. हेपटायटिस सी शंभरात दोन-तीन. आणि लस घेतलेली नसेल तर हेपटायटिस बी शंभरात तीसपर्यंत. तीस! यातल्या बीला लस आहे. तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ही लस देशभरातल्या सगळ्या बाळांच्या लसीकरणात यायला 2011 उजाडलं, त्यामुळे हिच्या वयाच्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. हिलाही नव्हती. एचआयव्हीसाठी सुई टोचल्यावर गोळ्या सुरू करता येतात. त्या शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त बहात्तर तासांच्या आत घ्याव्या लागतात. आणि मी हे वाचत होतो तेव्हा तीन महिने होऊन गेले होते.

टोपण लावायची सुरक्षित पद्धतही आहे आणि ती शिकायला दोन मिनिटं लागतात. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे घ्यायचा आणि एकाच हाताने सुईनेच टोपण उचलायचं. बस्स. लोणच्याच्या बरणीतून फोड काढायलाही यापेक्षा जास्त कौशल्य लागतं. दोन वर्षांत या दोन मिनिटांसाठी कोणाला वेळ मिळाला नाही.

मग मी कायदा शोधला. आपल्याकडे दंतवैद्यांचा कायदा 1948 सालचा. त्यात तीन जणांची नोंदणी सांगितली होती. डेंटिस्ट, दात साफ करणारे हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारे मेकॅनिक. खुर्चीशेजारी दिवसभर उभी असणारी चौथी व्यक्ती त्यात नव्हतीच. गंमत म्हणजे त्याच 1948 साली अमेरिकेत डेंटल असिस्टंटची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारं मंडळ सुरू झालं. इंग्लंडमध्ये 2008 पासून नोंदणी केल्याशिवाय, किंवा मान्य कोर्सला नाव घातल्याशिवाय, हे काम करता येत नाही. आपल्या डेंटल कौन्सिलने पुढे 'डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट' नावाचा एक वर्षाचा कोर्स आखला, काही डेंटल कॉलेजांत तो आहे. पण तो न करता कामाला लागलं तर कोणी अडवत नाही, मग वर्षभराची फी भरून कोण करेल? 2023 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा केला. कागद बदलला. हायवेवरच्या पाट्या अजून त्याच आहेत.

एका ठिकाणी मात्र ती कायद्यात सापडली. कुठे माहितीये? कचऱ्याच्या नियमांत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दवाखाना कितीही छोटा असो, असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण देणं आणि तशीच आरोग्य तपासणी करणं, ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि सक्शनच्या नळ्या लाल, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात. हे रंग बहिणीला तोंडपाठ आहेत, कारण कचऱ्याची गाडी चुकीची पिशवी उचलत नाही. त्याच नियमांत आपल्या लशीचा हक्क लिहिलाय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दात हाताळणारी म्हणून तिला काही हक्क नाही, कचरा हाताळणारी म्हणून आहे. हसावं की रडावं?

मी फार भडकून एका मित्राला फोन केला. तो बी. डी. एस. आहे आणि त्याचं स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लेका, माझी बाजू ऐक. खुर्चीचं कर्ज, गाळ्याचं भाडं, गल्लीत अजून चार दवाखाने. मुलीला सहा महिने शिकवतो आणि हजार रुपये जास्त मिळाले की ती समोरच्या क्लिनिकला जाते. मग मी का शिकवू?" त्याचं म्हणणं खोटं नाही. आमच्या कंपन्यांनाही हीच भीती असते, तरी त्या शिकवतात, कारण त्यांच्याकडे पैसा असतो. पण मी त्याला एवढंच विचारलं की शिकवणं जाऊ दे, लशीचं काय? मुलगी समोरच्या क्लिनिकला गेली तरी लस तिच्या अंगातच राहते, त्यात तुझं काय नुकसान? तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्याकडच्या मुलीला विचारतो उद्या." म्हणजे त्यानेही विचारलं नव्हतं. चांगला माणूस आहे हो तो, दात दुखला तर मी त्याच्याकडेच जातो.

माझं मत विचाराल तर वर्षभराचा कोर्स उद्यापासून सक्तीचा करा, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर वरव्यातल्या, कांजळ्यातल्या, वेल्ह्याकडच्या मुली या कामातून आधी बाहेर फेकल्या जातील, कारण वर्षभर बिनपगारी शिकणं त्यांना परवडणार नाही. शिक्षण हवं ते कामावर असताना, पगारी, आमच्यासारखं. आठवड्यातला एक दिवस डेंटल कॉलेजात. बहिणीची एसटी रोज भारती विद्यापीठाच्या समोरून जाते, आत डेंटल कॉलेज आहे. चार दवाखान्यांनी मिळून आपापली मुलगी आठवड्यातून एकदा अशा कॉलेजात पाठवली तर कोणाचंही दिवाळं निघणार नाही. पण लस आणि एका हाताने टोपण लावणं, या दोन गोष्टी पहिल्या पेशंटच्या आधी झाल्याच पाहिजेत. त्याला ना कोर्स लागतो ना कायद्यात बदल, नियम तर आहेच. आणि आपण पेशंट लोक आहोत की. खुर्चीत बसल्यावर तोंड उघडायच्या आधी एक प्रश्न विचारता येतो, "डॉक्टर, तुमच्या असिस्टंटने हेपटायटिसची लस घेतलीये ना?" डॉक्टर चिडतील? चिडू देत. मी परवा विचारला. चिडले नाहीत, नुसते बघत राहिले.

बहिणीच्या तपासण्या मी त्याच आठवड्यात करून घेतल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या, हुश्श! सहा महिन्यांची एक बाकी आहे. लशीचा पहिला डोस झालाय, दुसरा या बुधवारी आहे. दवाखान्याने पैसे दिले नाहीत, मी दिले. काम सोड म्हटलं तर ऐकत नाही. म्हणाली, "दादा, मला ते काम आवडतं रे. दुखत दुखत आलेला माणूस हसत जातो." आता ती त्या कॉलेजात कोर्सची चौकशी करणार आहे आणि मी मामांना ती सुईची गोष्ट अजून सांगितलेली नाही. सांगायला पाहिजे. आत्याला अर्धवट कळलंय बहुतेक, कारण तिने कालनिर्णयवर तिसऱ्या डोसच्या तारखेभोवती लाल पेनाने गोल काढलाय आणि विचारलं तर म्हणते, "गॅसचा नंबर लावायचाय त्या दिवशी."

असो. उद्या सोमवार, पहाटे हिंजवडीला निघायचंय.